सी-कयाकिंगसाठी लाइफ जॅकेट: ऑक्टोबर ते मे वापरल्यानंतर

वापराची जागा: मालवण, तारकर्ली, देवबागचा किनारा आणि कर्ली नदीची खाडी. होड्या दोन: कॉकपिटमध्ये, म्हणजे होडीतल्या बसायच्या खळग्यात, आत बसायची १६ फुटी सी-कयाक आणि वर बसायची साधी प्लास्टिकची. जॅकेट ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे उचलीच्या जोराचं माप), फोमचं. पुढे झिप, दोन्ही कुशींत दोन-दोन पट्टे, खांद्यावर दोन, पाठीचा फोम वर सरकवलेला, छातीवर दोन खिसे. तुलनेला आणखी दोन जॅकेटं पाण्यात उतरवली: कुठल्याही वॉटरस्पोर्टसाठी विकतात ते सरसकट ५० न्यूटनचं आणि पर्यटकांच्या बोटीवर दिसतं ते कॉलरवालं नारिंगी. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही. मॉडेलं दरवर्षी बदलतात. बघायची असते ती रचना.

निकाल आधीच सांगतो. मे महिन्यात दुपारी बारा वाजता, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना जे जॅकेट झिप वरपर्यंत लावून अंगावर ठेवता येतं आणि होडी उलटल्यावर जे अंगात असताना परत होडीवर चढता येतं, तेच कयाकचं जॅकेट. बाकी सगळं त्यानंतर.

न्यूटनचा आकडा लोक जितका जास्त तितकं चांगलं असं समजून बघतात. ५० न्यूटन म्हणजे साधारण ५.१ किलो वजन पाण्यावर धरून ठेवण्याइतकी उचल. माणूस ७० किलोचा असला तरी पाण्यात त्याचं शरीर जवळजवळ आपलं आपणच तरंगतं. डोकं पाण्याबाहेर ठेवायला बहुतेक मोठ्या माणसांना ३ ते ५ किलोचाच आधार पुरतो. म्हणून पोहता येणाऱ्या आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला ५० न्यूटन पुरतात. आयएसओ १२४०२ या मानकाच्या पाचव्या भागात हा वर्ग येतो आणि ७० किलोच्या वरच्या माणसासाठी किमान ५० न्यूटन सांगितले आहेत. अमेरिकन कोस्ट गार्डच्या टाइप थ्री जॅकेटला १५.५ पौंड, म्हणजे सुमारे ६९ न्यूटन लागतात. त्यामुळे तिकडून आलेली जॅकेटं थोडी जाड असतात, पण उधाणाच्या लाटांत तो फरक जाणवतो आणि हवासाही वाटतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, तिथे प्रत्येकच जॅकेट थोडं कमी उचलतं.

५० न्यूटनचं जॅकेट बेशुद्ध माणसाला उलटं करून तोंड आकाशाकडे आणत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायला हवं. ते काम १०० आणि १५० न्यूटनच्या कॉलरवाल्या जॅकेटांचं. पोहता न येणाऱ्याने ५० न्यूटनवर विसंबून उघड्या समुद्रात जाऊ नये. त्याच्यासाठी खाडी, दोघांची होडी, सोबत जाणकार माणूस आणि कॉलरवालं जॅकेट. लहान मुलांचंही तसंच: कॉलर हवी, दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा आणि माप वजनावरून घ्यायचं. 'पुढच्या वर्षी पण होईल' म्हणून मोठं घेतलेलं जॅकेट मुलाच्या डोक्यावरून निघून जातं.

मग मोठ्यांनीही नारिंगीच का वापरू नये? वल्हवून बघितलं की कळतं. छातीवरचे फोमचे ठोकळे इतके जाड असतात की वल्हं मारताना धड वळत नाही, मग सगळा जोर खांद्यांवर येतो आणि तासाभरात खांदे भरून येतात. कॉलर मान वळू देत नाही, त्यामुळे मागून येणारी लाट दिसत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे पाण्यातून होडीवर परत चढायला छाती डेकवर सपाट टेकावी लागते. तो ठोकळा काठावर अडतो आणि माणूस परत पाण्यात घसरतो. बोट बुडताना प्रवाशांनी घालायला ते जॅकेट उत्तम आहे. त्याचं काम वेगळं आहे.

सरसकट ५० न्यूटनच्या जॅकेटची अडचण पाठीत आहे. त्याचा फोम कमरेपर्यंत येतो. सी-कयाकच्या सीटला पाठीचा आधार असतो आणि त्यामागे कॉकपिटची कड; बसलं की ही कड जॅकेटला खालून ढकलते, जॅकेट वर सरकतं आणि गळपट्टी हनुवटीला घासायला लागते. लोक मग झिप अर्धी उघडी ठेवतात. अर्धी उघडी झिप म्हणजे पाण्यात पडताक्षणी जॅकेट कानांपर्यंत येणार. वर बसायच्या होडीला बॅकरेस्ट उंच असेल तर तिथेही हाच त्रास. कयाकच्या जॅकेटमध्ये पाठीचा फोम खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर असतो आणि खाली नुसती जाळी. आठ महिन्यांत या एका गोष्टीने सगळ्यात जास्त सुख दिलं. खरेदी करताना जॅकेट उभ्याने घालून आरशात बघू नका. दुकानात जमिनीवर पाय लांब करून, पाठ भिंतीला टेकून बसा आणि दहा मिनिटं हवेत वल्हं मारा. हनुवटीला लागतंय का, काखेत घासतंय का, पुढची झिप वाकून पोटात रुततेय का, तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिथेच मिळतात.

मोठ्यांचं माप छातीच्या घेरावरून घ्या, वजनावरून नाही. पट्टे आवळायचा क्रम ठरलेला: आधी सगळे पट्टे सैल, मग झिप वरपर्यंत, मग कमरेचा पट्टा, मग कुशीतले खालून वर आणि शेवटी खांद्याचे. खांद्यापासून सुरुवात केली तर जॅकेट आधीच वर ओढलं जातं आणि कमरेला धरतच नाही. आता दुसऱ्याला मागे उभं करून खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांना धरून जोरात वर ओढायला सांगा. दोन-तीन सेंटिमीटर हललं तर ठीक. नाकापर्यंत आलं तर माप मोठं आहे, पट्टे आणखी आवळून ते जमणार नाही. शेवटची परीक्षा छातीभर पाण्यात: पाय उचलून अंग सोडा, हनुवटी पाण्याच्या वर राहिली पाहिजे आणि जॅकेट जागेवर. स्त्रियांसाठी छातीचा फोम एका सपाट तुकड्याऐवजी दोन-तीन पट्ट्यांत विभागलेला बघावा. सपाट तुकडा छातीवरून वर चढतो आणि कमर कितीही आवळली तरी खाली राहत नाही.

आता काय बिघडलं ते.

झिप. तिसऱ्या महिन्यातच अडकायला लागली. दात प्लास्टिकचे होते, पण सरकणारा तुकडा धातूचा. त्याच्या पोटात मीठ साचतं, मिठावर वाळूचा बारीक कण बसतो आणि पांढरट पेस्टसारखा थर तयार होतो. जोर लावला की दात वाकतो. उपाय साधा आहे: प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याच्या नळाखाली झिप दहा वेळा वर-खाली करायची, सुकल्यावर दातांवर मेणबत्ती घासायची. खोबरेल लावू नका, त्याला वाळू चिकटते. घेतानाच सरकणारा तुकडाही प्लास्टिकचा आहे ना, ते बघा. झिपच्या खाली कमरेला एक बक्कल असतंच. झिप दगा देते तेव्हा तेच जॅकेट धरून ठेवतं, म्हणून ते रोज लावायचं.

पट्टे. कुशीतल्या पट्ट्यांची वीण गुळगुळीत होती. कोरड्यात घट्ट बसायचे, ओले झाले की तासाभराच्या वल्हवण्यात दोन-तीन सेंटिमीटर सुटायचे. बक्कल बदलून उपयोग झाला नाही, दोष पट्ट्याचाच होता. प्रत्येक पट्ट्याचं टोक दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने शिवलं, त्यामुळे निदान तो बक्कलमधून पूर्ण निसटत नाही. खडबडीत विणीचा पट्टा असलेलं जॅकेट मिळालं तर तेच घ्या. बक्कलला डास पळवणारं डीट असलेलं मलम लागू देऊ नका. काही प्लास्टिकं त्याने मऊ पडतात. संध्याकाळी खाडीत जायचं म्हणून हात चोळून लगेच जॅकेट घालणारे बरेच असतात.

काख. इथे पाणी बारा महिने कोमट आणि हवा दमट, त्यामुळे थंडीची भीती नाही, पण घाम आणि मीठ मिळून काखेची कातडी सोलली जाते. बाहीची मोकळी जागा जितकी खोल तितकं बरं. आत अर्ध्या नाही, पूर्ण बाहीचा घट्ट, लवकर सुकणारा टी-शर्ट हवा. सुती शर्ट ओला राहतो आणि जास्त घासतो. उन्हाचा ताप झाला तर जॅकेट काढायचं नाही, ओंजळीने पाणी घेऊन गळ्यातून आत ओतायचं. जाळीचं अस्तर इथे कामाला येतं.

खिसे. व्हेलक्रोचे खिसे महिन्याभरात वाळूने भरून निकामी झाले, झिपवाले टिकले. खिशात काय ठेवावं याचा नियम एकच: होडी हातून सुटली तरी जे लागेल ते अंगावर. वॉटरप्रूफ पाऊचमधला मोबाइल, शिट्टी, छोटा टॉर्च. मोबाइल होडीच्या कप्प्यात ठेवून काय उपयोग, होडी वाऱ्यावर तुमच्यापेक्षा वेगाने पळते. फोनमध्ये १५५४ हा तटरक्षक दलाचा आणि १०९३ हा सागरी पोलिसांचा क्रमांक आधीच साठवून ठेवा. शिट्टी आत गोळी नसलेली, प्लास्टिकची, आणि दोरी वीतभरच. लांब दोरी डेकवरच्या दोऱ्यांत अडकते. जाळं कापायला बोथट टोकाची सुरी छातीवर, दोन्ही हातांनी पोचेल अशा जागी. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याचे, दोर आणि खोल पाण्यात लावलेली जाळी दोन्ही भेटतात, त्यामुळे सुरीला इथे खरंच काम पडतं. मात्र खिसे फुगवू नका. दोन्ही खिसे भरून पाण्यातून मागच्या डेकवर चढून बघा. भरलेला खिसा काठावर अडला तर ते सामान तिथे नको. पाठीला पाण्याची पिशवी लावायची सोय असते, तीही वापरून सोडून दिली: दीड लिटर पाणी अंगावर घेऊन परत चढणं जड जातं. बाटली डेकवर बांधलेली बरी.

रंग. नारिंगी किंवा पिवळाच. निळं-करडं फोटोत छान दिसतं, पण ट्रॉलर चालवणाऱ्या तांडेलाला दुपारच्या चकाकीत माणसाचं डोकं नारळाएवढंच दिसतं, तेव्हा जॅकेटचा रंगच काय तो दिसतो. खांद्यावर परावर्तक पट्टी हवी. आठ महिन्यांत खांद्यांचा नारिंगी रंग फिका पडला आहे. रंग उडणं म्हणजे उन्हाने कापड कमजोर होत असल्याची पहिली खूण. खांद्याचं कापड चिमटीत धरून पिळून ओढायचं. टाक्यांजवळ फाटलं तर जॅकेट बाद. खडकांवरच्या कालवांनी कमरेजवळ एक लांब चीर गेली, ती बाहेरच्या कापडापुरतीच होती म्हणून शिवली. फोम उघडा पडला असता तर शिवून चाललं नसतं.

हवा भरून फुगणारी पट्ट्यासारखी जॅकेटं हलकी आणि थंड असतात, हे खरं. पण पाण्याने आपोआप फुगणारं कयाकमध्ये एका मोठ्या लाटेनेही फुगू शकतं, आणि हाताने दोरी ओढून फुगवायचं असेल तर माणूस शुद्धीवर हवा आणि एक हात मोकळा हवा. शिवाय एकदा फुगून हवा काढली की गॅसचा नवीन सिलिंडर बसवेपर्यंत ते तोंडानेच फुगवावं लागतं. फुगल्यावर छाती इतकी भरते की होडीवर चढण्यासाठी त्यातली हवा काढावी लागते. देवबागला नदीच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर येतं आणि लाटा आत, तिथे पाण्यात पडणं ही नेहमीची गोष्ट. अशा जागी फोमच.

ओढायचा दोर आणि झटक्यात सुटणारा छातीचा पट्टा असलेली बचावाची जॅकेटंही महाग मिळतात. ते वापरायचं प्रशिक्षण घेतलं नसेल तर तो पट्टा अडकायची आणखी एक जागा, एवढंच.

मे संपत आला की जॅकेट धुऊन ठेवायची वेळ. बादलीत गोडं पाणी, पंधरा मिनिटं बुडवून, दोनदा पाणी बदलून. मशिनमध्ये नाही, ड्रायक्लीनला नाही. सावलीत, खांदे खाली करून वाळवायचं, म्हणजे खिशांतलं पाणी निथळतं. दुसऱ्या दिवशी रुंद हँगरवर. कोकणातल्या पावसाळ्यात बंद पिशवीत ठेवलं तर बुरशी धरते, आणि गाडीच्या डिकीत ठेवलं तर उन्हाने फोम आकसतो. त्यावर बसणं, त्याची उशी करणं, वर सामान रचणं सगळं वर्ज्य. दबलेला फोम परत फुगत नाही, आणि पर्यटकांना दिली जाणारी बरीच जॅकेटं नेमकी याच कारणाने पातळ झालेली असतात.

ऑक्टोबरमध्ये बाहेर काढल्यावर आधी पाण्याच्या टाकीत तपासायचं. जॅकेट बुडवून, दाबून खिशांतली आणि अस्तरातली हवा काढायची. मग कमरेच्या पट्ट्याला ६ किलोची लोखंडी वजनं बांधायची. लोखंड पाण्यात आपल्या वजनाचा साधारण आठवा हिस्सा हलकं होतं, म्हणून ६ किलो तिथे सव्वापाच किलोच भरतात, म्हणजे ५० न्यूटनच्या किंचित वर. दगड बांधू नका. तो पाण्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त हलका होतो आणि खराब जॅकेटही पास होतं. तासभर तरंगत राहिलं तर ते हंगामाला तयार. खाली गेलं तर खांद्याचे पट्टे कापूनच टाकायचं, म्हणजे कुणी उचलून वापरणार नाही.