समुपदेशकांसाठी पूर्वजांचा मागोवा : एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

समुपदेशकाने आधी स्वतःच्या घराण्याचा वारसा तपासावा आणि त्यातून क्लायंटच्या संस्कृतीविषयी नम्रता अंगी बाणवावी, या हेतूने आखलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. तो निश्चितच घेण्याजोगा आहे, परंतु तो जिथे संपतो तिथे समुपदेशकाचे काम संपत नाही, हे घेणाऱ्याने आधीच जाणून असावे.

सैद्धांतिक भाग आटोपशीर आहे. मेलानी टर्व्हेलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टरांनी १९९८ मध्ये असे मांडले की, दुसऱ्याच्या संस्कृतीत ‘पारंगत’ होण्याची कल्पनाच अपुरी असून आयुष्यभर आत्मपरीक्षण करणे आणि उपचारक व रुग्ण यांच्यातील सत्तेचा असमतोल ओळखणे अधिक गरजेचे आहे. अभ्यासक्रमाचा सारा डोलारा याच मांडणीवर उभा आहे.

त्याचा खरा गाभा मात्र सांस्कृतिक जेनोग्राम, म्हणजे कुटुंबाच्या पिढ्या आणि त्यांचा सांस्कृतिक वारसा दाखवणारा तक्ता, हा आहे. केनेथ हार्डी आणि ट्रेसी लॅझ्लॉफी यांनी १९९५ मध्ये कौटुंबिक उपचारकांच्या प्रशिक्षणासाठी मांडलेल्या या पद्धतीत पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळ काढून किमान तीन पिढ्या मांडल्या जातात, पूर्वजांच्या प्रत्येक संस्कृतीला वेगळा रंग दिला जातो आणि त्या संस्कृतीत कशाचा अभिमान बाळगला जाई व कशाची लाज वाटे, याची नोंद केली जाते. अभिमानाचा रकाना सगळ्यांचाच भराभर भरला. लाजेच्या रकान्यापाशी मात्र हात थबकले. कोणाच्या पूर्वजांनी इतरांच्या कष्टांवर संपत्ती उभी केली होती, तर कोणाच्या घरी आजोबांच्या आजाराचे नावही उच्चारले जात नव्हते. या अवघडलेपणाला सत्र घेणाऱ्या शिक्षिकांनी घाईने शब्द पुरवले नाहीत, ही या अभ्यासक्रमातील मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट. माझ्या स्वतःच्या तक्त्यात आईकडच्या स्त्रियांची वर्तुळे नावांवाचून रिकामीच राहिली, आणि कोणाच्या कहाण्या ऐकण्याजोग्या समजायच्या हे मी कोठून शिकत आले, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला.

याचा उपयोग सरावसत्रात लगेच दिसला. क्लायंटची भूमिका करणारी व्यक्ती रडू लागताच एका समुपदेशिकेने तिला पाणी प्यायला सांगितले आणि रडणे तिथेच थांबले. नंतर आपला तक्ता पाहताना त्या समुपदेशिकेनेच सांगितले की, तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रडणाऱ्याला असेच गप्प केले जात असे. माया म्हणून केलेल्या कृतीतही वारशाने आलेला नियम काम करत असतो, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच पाहायला मिळते.

उणिवा दोन आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. दत्तक गेलेल्या, विस्थापित झालेल्या किंवा ज्यांच्या पूर्वजांच्या नोंदी कोणी ठेवल्याच नाहीत अशा समुपदेशकांनी हा तक्ता कसा भरावा, याबद्दल पुरेसे मार्गदर्शन नाही. वास्तविक नोंदी का नाहीत, हाच त्यांच्या वारशातला महत्त्वाचा भाग ठरू शकला असता. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. शेवटच्या सत्रात प्रत्येकाने ‘माझ्यात काय बदलले’ हे लिहायचे असते, आणि तेवढ्यावर प्रमाणपत्र मिळते. समुपदेशक नम्र आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार प्रथम क्लायंटचा आहे. मानसशास्त्रज्ञ जोशुआ हूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये समुपदेशकाची सांस्कृतिक नम्रता मोजणारी, क्लायंटने भरायची मापनश्रेणी याच विचाराने तयार केली होती, परंतु अभ्यासक्रमात तिचा उल्लेखही नाही. शिवाय पूर्वजांच्या शोधात रमलेला समुपदेशक आपलीच गोष्ट क्लायंटपुढे मांडू लागण्याचा धोका असतो, त्याबाबतही सावध केलेले नाही.

ज्यांना नियमित सुपरव्हिजन, म्हणजे आपल्या कामावर अनुभवी समुपदेशकाचे मार्गदर्शन, मिळते त्यांनी हा अभ्यासक्रम अवश्य घ्यावा आणि आपला तक्ता तिथे चर्चेला न्यावा. ज्यांच्या घरातील आघात अजून ताजा आहे, त्यांनी स्वतःच्या थेरपीची सोय केल्यानंतरच नाव नोंदवावे, कारण सत्रांनंतर सहभागींची विचारपूस करण्याची कोणतीही व्यवस्था येथे नाही.