चादरीच्या दुकानाला प्रिंटर कुठला घ्यावा?

प्रोसेसर आणि रॅम हा संगणकाचा गाभा. त्याला जे जोडून वापरतो ते पेरिफेरल: कीबोर्ड, माऊस, मॉनिटर, बारकोड स्कॅनर, पेनड्राइव्हसुद्धा. माऊस बिघडला तर बदलता येतो, त्यात फार डोकं घालू नका. डोकं लागतं ते प्रिंटर घेताना.

सोलापुरात चादर-टॉवेलचा होलसेल धंदा असेल तर मी सरळ डॉट मॅट्रिक्स म्हणेन. जीएसटीच्या नियमाने मालाचं बिल तीन प्रतींत करायचं असतं: मूळ प्रत गिऱ्हाइकाला, दुसरी ट्रान्सपोर्टवाल्याला, तिसरी आपल्याकडे. डॉट मॅट्रिक्सच्या पिना रिबिनीवर आपटतात, त्यामुळे कार्बन घातला की तिन्ही प्रती एका दमात निघतात. लेझर किंवा इंक टँक कागदावर दाब देत नाही. तिथे तेच बिल तीनदा छापायचं. डॉट मॅट्रिक्स कर्कश वाजतो खरा, पण पॉवरलूमच्या खडखडाटात वाढलेल्या कानांना त्याचं काय!

किरकोळ काउंटरला थर्मल पुरे. शाई नाही, रिबिन नाही, फक्त रोल बदलायचा. पण याचं अक्षर उष्णतेनेच उमटतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. बंद गाडीत काचेखाली राहिलेली पावती काळवंडते, आणि नुसती उन्हात पडली तर अक्षरं विरतात. जपायच्या पावतीची झेरॉक्स काढून ठेवावी.

डिझाइनचे रंगीत नमुने व्यापाऱ्यांना दाखवायचे असतील तर इंक टँक. पानामागचा खर्च कमी, मात्र त्याला रोजचं काम हवं. बरेच दिवस पडून राहिला की नोझलमध्ये शाई सुकते, मग साफ करण्यातच शाई जाते. ऑफिस कारखान्यातच असेल तर सुताच्या धुळीपासून झाकून ठेवा, नाहीतर रोलरवर धूळ बसून कागद घसरायला लागतो. कागद ओला झाला तर साध्या शाईची अक्षरं पसरतात, तेही लक्षात ठेवा.

लेझरच्या टोनरची पूड असते, ती सुकत नाही. महिनाभर बंद ठेवून चालू केला तरी पहिलं पान स्वच्छ येतं. पत्रं, कोटेशन, बँकेचे कागद अशी कामं जास्त असतील तर हाच बरा. फक्त पूड कागदावर चिकटवायला आतला रोलर तापतो आणि तेव्हा एकदम जास्त वीज ओढतो, म्हणून संगणकाच्या छोट्या यूपीएसला लेझर जोडू नका. त्याची पिन थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा.