फ्रेड २ चा बॅकग्राउंड एडिटर: स्पेस मिशनमधला उजेड नीट लावायचा असेल तर वाचा

फ्रीस्पेस २ हा अंतराळातल्या लढाईचा गेम १९९९ चा, वोलिशननं बनवलेला, २००२ ला त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि तेव्हापासून हौशी लोकं त्याला अजून जिवंत ठेवायलेत. मिशन बनवायचा त्याचा एडिटर म्हणजे फ्रेड २. आमच्या लातूरात हे खेळणारं कुणी भेटणं अवघड, म्हणून म्हणलं मराठीत लिहून ठेवावं, कुणाला तरी कामाला येईल. पूर्ण एडिटरचा रिव्ह्यू नाही हा, फक्त बॅकग्राउंड एडिटरचा, म्हणजे मिशनचं आकाश मांडायच्या खिडकीचा, कारण मिशनची स्टोरी कितीबी भारी असू द्या, उजेड गंडला की सगळी जहाजं सपाट दिसतात आणि खेळणाऱ्याचं मनच लागत नाही.

खिडकी दिसायला जुनाट आहे. एकीकडं बिटमॅप म्हणजे नेब्युला (अंतराळातले रंगीत ढग), ग्रह वगैरे चित्रं, दुसरीकडं सूर्य, आणि प्रत्येकाला पिच (वर-खाली), बँक (जागच्या जागी फिरवणं), हेडिंग (डावी-उजवी दिशा) असे डिग्रीतले आकडे द्यायचे, वर स्केल म्हणजे आकार. माऊसनं धरून ओढायची सोय नाही, सगळं आकड्यावर, पहिल्यांदा लै वैताग येतो पण हात बसला की हेच बरं वाटतं, कारण एका मिशनमधली जागा दुसऱ्या मिशनमध्ये जशीच्या तशी टाकता येते. नाहीतर सरळ इम्पोर्ट बॅकग्राउंडचं बटण आहे, दुसऱ्या मिशनची फाईल दाखवली की तिथलं आकाश उचलून आणतं. पाच-सहा मिशनची कॅम्पेन म्हणजे सलग मालिका एकाच ग्रहाजवळ घडत असेल तर ह्या एका बटणासाठी मी ह्या एडिटरला मानतो.

आता खरा मुद्दा. इथं सूर्य म्हणजे नुसतं चित्र नाही, तोच दिवा. सूर्य जिकडं ठेवाल तिकडून जहाजावर उजेड पडतो आणि त्या उजेडाचा रंग अन् जोर स्टार्स टेबल ह्या गेमच्या टेक्स्ट फाईलमध्ये सनआरजीबीआय ह्या ओळीत लिहिलेला असतो, चित्राचा रंग वेगळा आणि उजेडाचा वेगळा. म्हणजे लाल सूर्य दिसतोय आणि जहाजावर पांढराफट्ट उजेड, असं होऊ शकतं, स्वतःचा सूर्य बनवणार असाल तर ती ओळ आधी बघा. वेरूळला कैलास लेणं तिरप्या उन्हात बघा, एकेक मूर्ती भिंतीतून बाहेर आल्यासारखी वाटते आणि ऊन समोरून आलं की तेच कोरीवकाम चपटं दिसतं, जहाजाचं अगदी तसंच आहे. म्हणून खेळणारा जिथून निघतो तिथून सूर्य बाजूला आणि थोडा वर ठेवायचा. अगदी समोर ठेवला तर गेममध्ये डोळे दिपतात, स्क्रीन पांढरी पडते, मोठ्या जहाजाच्या आडोशाला गेलं की ती चमक जाते. एखाद्या हल्ल्याच्या मिशनला हे मुद्दाम वापरा, शत्रू उन्हातून येऊ द्या, लै मजा येते.

दोन-तीन सूर्य टाकायचा मोह होतो, पण समोरासमोर दोन सूर्य ठेवले की जहाजाला काळी बाजूच उरत नाही. एक मुख्य सूर्य, फार तर एक मंद. आणि अँबियंट लाइट म्हणजे सगळीकडून सारखा पडणारा उजेड, त्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन स्लाइडर आहेत, ते खाली ओढा. किती खाली, हे मात्र खेळून ठरवायचं. माझ्या भाच्याला एक मिशन खेळायला दिलं तर म्हणला, "मामा, फायटर दिसंनाच की, कुठं मारू?" मग थोडंसं निळं वाढवलं, काळी बाजू काळीच राहिली पण कडा दिसायला लागली.

बहुतेक मिशनमध्ये एक गोष्ट हटकून बघायची राहून जाते ती म्हणजे ग्रह. ग्रहाच्या चित्रात उजेडाची बाजू आधीच रंगवलेली असते, एडिटर ती काही बदलत नाही. सूर्य उजवीकडं आणि ग्रह डावीकडून उजळलेला, असं दिसलं की सगळं खोटं वाटायला लागतं. तेव्हा ग्रहाचा बँक फिरवत जायचं, उजळ कड सूर्याकडं तोंड करेपर्यंत. दोन मिनिटांचं काम आहे हो, पण तेवढ्यानं आकाश खरं वाटतं! नेब्युलाची चित्रं पण कमी ठेवा, एक मोठं आणि त्याच रंगाचं एखादं बारकं बास, बाकी अंधार असू द्या, जहाज उठून दिसायला अंधारच लागतो.

फुल नेब्युला, म्हणजे अख्खं मिशनच ढगात, चालू केलं तर हे ग्रह-बिग्रह दिसतच नाहीत, सगळं धुकं, तो वेगळाच विषय. स्कायबॉक्स मॉडेल, म्हणजे चारी बाजूंनी रंगवलेलं तयार आकाश, लावायची पण सोय आहे, आकाश एकदम गुळगुळीत येतं, पण त्यातल्या रंगवलेल्या सूर्यावर तुमचा सूर्य बरोबर बसवावा लागतो.

कमी काय? एडिटरमध्ये दिसतं ते आणि गेममध्ये दिसतं ते सारखं नसतं, ब्लूमसारखे (उजेडाभोवती चमक पसरवणारे) इफेक्ट गेममध्येच कळतात, त्यामुळं दर बदलाला सेव्ह करून गेम चालू करावाच लागतो. जुन्या लॅपटॉपवर ह्यात वेळ जातो. एडिटर फुकट आहे, मूळ गेम तेवढा विकत घ्यावा लागतो. फ्रेड २ विंडोजसाठीचा आहे, लिनक्सवाल्यांनी वाईनमधून (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवायची सोय) चालवावा नाहीतर क्यूटीफ्रेड हा त्याचाच लिनक्सवर चालणारा अवतार बघावा.