सव्वीस महिने, साडेनऊ इंच : साठीनंतर वाढवलेले केस

पस्तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर काढली. लोखंडाचा तुकडा धरून फिरणाऱ्या चकपुढे उभं राहणाऱ्यानं केस वाढवायचे नसतात, सैल बाही घालायची नसते, गळ्यात साखळी ठेवायची नसते. हे आमच्या मेस्त्रींनी पहिल्याच आठवड्यात कान धरून सांगितलं होतं. शेजारच्या शेडमध्ये एकाची बाही चकमध्ये जाताना पाहिली, त्यानंतर कुणी सांगायची गरजच उरली नाही. दर तीन आठवड्यांनी मशीन मारून डोकं साफ, असा आमचा शिरस्ता. निवृत्त झालो त्या महिन्यात न्हाव्याकडे जायचं राहिलं. पुढच्या महिन्यातही राहिलं. तिसऱ्या महिन्यात बायकोनं विचारलं, "अहो, कटिंगला जाणार की नाही?" आणि माझ्या तोंडून "नाही" असं निघून गेलं. यापेक्षा मोठं कारण माझ्याजवळ नाही. लोकांना ते पटत नाही, त्याला माझा इलाज नाही.

आता वय बासष्ट. केस सव्वीस महिन्यांचे. माथ्यावर दोन रुपयांच्या नाण्याएवढं टक्कल होतं ते तसंच आहे. केस वाढवल्यानं ते भरत नाही, झाकलं मात्र जातं.

टर्नर माणूस, मोजल्याशिवाय चैन कुठली! दर महिन्याच्या एक तारखेला बायको स्टीलची पट्टी मानेवर केसांच्या रेघेला लावून माप सांगते, मी कॅलेंडरवर लिहितो. सरासरी साडेअकरा मिलिमीटर महिन्याला पडली. वाढते केव्हा आणि थांबते केव्हा हे कळत नाही, पण वर्षभराच्या आकड्यांत ती फारशी हलत नाही. आणखी एक खुळेपणा केला. जुन्या शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यात, चहाला गेलो असताना मायक्रोमीटर मागून घेतला आणि स्वतःचे केस मोजले. काळा अडीच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पांढरा तीनच्या जरासा वर. पाच-सहा केसांवरून मी सिद्धांत मांडत नाही. पण पस्तीस वर्षं "केसभर जास्त गेलं रे" म्हणून पोरांना ओरडत होतो, तो केस म्हणजे नेमका किती हे निवृत्तीनंतर कळलं.

पहिले चार महिने काहीच नाही. पाचव्यापासून दहाव्यापर्यंतचा काळ वाईट. केस बांधण्याइतके लांब नसतात आणि बसवून बसत नाहीत. कानावर छत्रीसारखे उभे राहतात, मानेवर वळून शर्टाच्या कॉलरमध्ये घुसतात. आरशात बघितलं की आजारातून उठलेला कुणीतरी दिसायचा. बहुतेक जण इथेच न्हाव्याकडे पळत असणार. मी गांधी टोपी घातली आणि सहा महिने ढकलले. लग्नकार्यात बरंच झालं, उलट मान मिळाला.

अकराव्या महिन्यात पहिल्यांदा मागे शेंडी येईल एवढे बांधता आले. घरात भाजीच्या पुडीला आलेलं रबर पडलं होतं, तेच लावलं. संध्याकाळी काढायला गेलो तर रबराबरोबर पंधरा-वीस केस उपटून आले, डोळ्यांत पाणी. सुनेनं बघितलं आणि तिची कापडाची एक जाड रिंग दिली. जांभळ्या रंगाची होती, पण तेव्हापासून केस तुटले नाहीत. घट्ट बांधायचं नाही, रोज एकाच जागी बांधायचं नाही, ओले असताना तर बांधायचंच नाही. मुळाशी रोज ताण बसला तर कपाळावरची रेघ मागे सरकते, आणि आमच्या वयात तिथं द्यायला जास्त माल शिल्लक नसतो.

गळतीची भीती खरी नव्हती, पण बसली मात्र चांगलीच. न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका बघून मी सरळ डॉक्टरकडे गेलो. त्यांनी सांगितलं, रोज पन्नास ते शंभर केस सगळ्यांचेच जातात. बारीक केस गळले तर ते तुम्हाला दिसत नव्हते, आता तेच वीतभर लांब आहेत म्हणून दिसतात. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली ती मात्र मनाला लागली. प्रत्येक केस काही वर्षं वाढतो, मग गळतो आणि त्याच जागी नवा येतो. वय वाढलं की ही वाढीची वर्षं कमी होतात. म्हणजे कमरेपर्यंत वगैरे विसरा. खांद्याच्या खाली चार बोटं गेले तरी पुष्कळ.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझे पहिले आठ महिने त्यातच वाया गेले. आमच्या नळाचं पाणी राकसकोप-हिडकल धरणांचं, मऊ आणि चांगलं. पण ते रोज नसतं. इतर दिवशी बोअरचं, आणि आमच्या बोअरचं पाणी असं जड की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. मी अंगाच्या साबणानंच डोकं धुवायचो, जन्मभर तेच केलेलं. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो. तो चोथा केसांवर बसून केस दोरखंडासारखे झाले. मग आईची आठवण काढून शिकेकाई, रिठा, वाळका आवळा काष्ठौषधीच्या दुकानातून आणला. रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळून कुस्करायचं आणि धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळायचं. मी पहिल्यांदा एकदाच गाळलं. दुपारपर्यंत डोक्यातून भुसा पडत होता, जसा काही सुताराच्या हाताखाली काम करून आलोय. डोळ्यात गेलं तर मिरचीसारखं झोंबतं, ते वेगळं.

नळाच्या पाण्याला शिकेकाई उत्तम. बोअरच्या पाण्याला नाही, केस चिकट राहतात. हे कळायला चार महिने गेले. आता आठवड्यातून दोनदा साधा शाम्पू, आणि न्हायचं ते नळाला पाणी आलेल्या दिवशी. त्यानंतर कंडिशनर. याला मी फार हसलो होतो, बायकी थेर म्हणून. पण म्हातारपणी डोक्याची तेलगटी कमी होते आणि पांढरा केस खरखरीत लागतो. कोरड्या बेअरिंगला ग्रीस लावल्यावर जो आवाज थांबतो ना, तसा फरक पडला. फक्त खालच्या अर्ध्या भागाला लावायचं, टाळूला नाही. खोबरेल रात्री अगदी थोडं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे बाटली गोठते, अंगणात उन्हाला ठेवावी लागते.

पावसाळा मात्र शत्रू. बेळगावचा जून-जुलै ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. दोरीवरची बनियन तीन दिवस वाळत नाही तिथं केस काय वाळणार! पहिल्या पावसाळ्यात ओलेच बांधून फिरलो. टाळूला खाज, कोंडा, आणि उशीला ओल्या फडक्याचा वास. कीटोकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, डोक्यावर पाच मिनिटं ठेवून धुवायचा, असं महिनाभर केल्यावर आटोक्यात आलं. आता जाड टॉवेल सोडून जुना पंचा वापरतो. घासायचं नाही, दाबून पाणी काढायचं आणि पंख्याखाली पेपर वाचत बसायचं. पाऊण तास लागतो.

पांढऱ्या केसांना पिवळट झाक येते, ऊन-तेल-पाणी सगळ्याचं मिळून. त्यावर जांभळा शाम्पू मिळतो. मुलगा म्हणाला, "बाबा, हे काहीतरीच." मी म्हटलं, "खुळ्या, ही नीळ आहे." धोतराला नीळ का देतात? पिवळेपणा मारायला. तत्त्व तेच. पण दोन मिनिटं ठेवायचा तो मी फोन आला म्हणून दहा मिनिटं ठेवला आणि नीळ जास्त झालेल्या धोतराचं जे होतं तेच झालं. नातवंडांची चार दिवस करमणूक.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये नऊ दिवस ताप होता. अंथरुणावर पडून, घामानं भिजून, विंचरणं बंद. उठलो तेव्हा मानेच्या वर लिंबाएवढा गोळा झालेला. केस, तेल, घाम, उशीचा कापूस, सगळं एकजीव. समोरच्या घरातली म्हातारी बघायला आली, तिनं हात लावला आणि झटकन मागे घेतला. "जट आलीय बाबा. यल्लम्माचं बोलावणं. कापू नको, विंचरू नको." बायकोचा चेहरा उतरला.

मला म्हातारीची चेष्टा करायची नाही. माझ्या आत्याला अशीच जट होती, कमरेपर्यंत. लहानपणी तिच्या मांडीवर झोपलो की तिचा वास यायचा, भंडाऱ्याचा आणि कुबट ओलीचा. तिनं ती कधी धुतली नाही, कारण धुतली तर वाळत नसे. शेवटी-शेवटी मान वर करता येत नव्हती, डावा हात जटेखाली धरून बसायची. आमच्या सौंदत्तीच्या बाजूला जट आलेल्या पोरी यल्लम्मा देवीला सोडत. देवदासीबंदीचा कायदा कर्नाटकात १९८२ साली झाला, आत्या त्याच्या कितीतरी आधीची. तिला लहानपणी कुणी चार दिवस नीट विंचरलं असतं तर, हे मी त्या दिवशी अंथरुणावर बसून पहिल्यांदा मनात आणलं.

मी बायकोला म्हटलं, "तेल आण, आणि तुझी क्रोशाची सुई." कोमट खोबरेल गोळ्यात जिरवलं, तासभर ठेवलं. मग खालच्या टोकापासून सुरुवात. वरून ओढलं तर गाठ घट्ट होते, हे गुंतलेल्या सुतळीला लागू आहे तसंच केसांना. सुईनं एकेक पदर बाहेर काढायचा, बोटानं धरायचा, पुढचा काढायचा. बायको पहिला अर्धा तास नुसती दिवा धरून उभी होती, हात लावत नव्हती. मग तिनंच सुई घेतली. दोन संध्याकाळी गेल्या. मूठभर केस गेले, बाकी सगळे सुटले. म्हातारीला दुसऱ्या दिवशी दाखवायला गेलो. तिनं बोटं फिरवून बघितली आणि विचारलं, "कुठलं तेल?"

तेव्हापासून रात्री झोपण्याआधी विंचरून सैल वेणी घालतो. हो, वेणी. बायकोनं शिकवली, दोन आठवड्यांत जमली. कडूलिंबाच्या लाकडाची मोठ्या दातांची फणी वापरा, प्लॅस्टिकची नको. प्लॅस्टिकच्या दातांवरची साच्याची शिवण केसाला करवतीसारखी लागते. गाडीवरून जाताना केस मोकळे सोडू नका. पुतण्याच्या मागे बसून निपाणीला गेलो होतो, वंटमुरी घाट उतरेपर्यंतच मागे घरटं झालं होतं.

लोकांचं म्हणाल तर दोनच समज. एक, हा बुवा झाला. दोन, याचं घरात कुणी बघत नाही. जुन्या शॉपमधला मित्र रामदेव गल्लीत भेटला, "काय मर्दा, मठ-बिठ काढूलास काय?" यल्लम्माच्या डोंगरावर एका बाईनं विचारलं, देवाला सोडलेत का केस? नाही म्हटलं तरी कपाळाला भंडारा लावलाच. दोन अनोळखी माणसं पाया पडली आहेत. मला ते फार अवघड होतं. मी पटकन त्यांचा हात धरून, मी लेथवर होतो, असं काहीतरी बोलून टाकतो.

बसमधला किस्सा सांगायलाच हवा. कर्नाटकात २०२३ च्या जूनपासून बायकांना सरकारी बस फुकट आहे. खानापूरहून येताना मी खिडकीशी, केस मोकळे वाळवत, बाहेर बघत बसलेलो. मागून कंडक्टर कानडीत, "अक्का, आधार तोरसरी." म्हणजे ताई, आधार दाखवा. मी कार्ड मागे केलं. त्यावरचा फोटो दहा वर्षांपूर्वीचा, मशीन मारलेलं डोकं आणि झुपकेदार मिशी. कंडक्टर फोटो बघतोय, केस बघतोय. मग मी वळलो. "अय्य, अज्जार!" म्हणजे अरे, हे तर आजोबा! अख्खी बस हसली. तिकिटाचे पैसे दिले.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र न्हाव्याकडे झालं. सोळाव्या महिन्यात टोकं फाटली म्हणून एका ठिकाणी गेलो. "अर्धा इंच," मी म्हटलं, बोटांनी दाखवलंही. त्यानं केस ओले करून, ताणून, तीन बोटं उडवली. वर सांगतो, "अंकल, फ्रेश दिसताय." पाच सेंटिमीटर! म्हणजे साडेचार महिन्यांचा माल. शॉपमध्ये एवढा जॉब कमी भरला असता तर संध्याकाळी घरी पाठवलं असतं. तेव्हापासून बायको कापते, तीन महिन्यांतून एकदा, कोरड्या केसांवर, पट्टी लावून. तिची कापडाची कात्री ती देत नाही, शिवणारी कुठलीच बाई देणार नाही. वेगळी आणली, दोनशे ऐंशीला.

खर्च साधारण पूर्वीएवढाच. कटिंगचे वाचतात ते शाम्पू-कंडिशनरमध्ये जातात. वेळ मात्र दुप्पट नाही, दहापट. पूर्वी डोक्याला दिवसाला एक मिनिट लागायचं.

या महिन्याच्या एक तारखेला पट्टी साडेनऊ इंचावर थांबली. बायको म्हणाली, "मागच्यापेक्षा एक सूत कमी आहे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वाद झाला. मग लक्षात आलं, मधल्या रविवारी तिनंच टोकं कापली होती आणि कॅलेंडरवर लिहायचं राहिलं होतं.