पर्यटकांची घरं रहिवाशांकडे कशी वळवायची? व्हेलची रोकड की माऊईची कात्री

गोव्यात आसगाव-शिवोलीत वर्षभरासाठी भाड्याचं घर शोधा, 'आम्ही सीझनला देतो' हे उत्तर ठरलेलं. ग्रामसभेत यावर काही मागणार असाल, तर अमेरिकेतल्या दोन पर्यटनस्थळांचे उपाय आधी ताडून पाहा.

कोलोरॅडोतलं व्हेल हे स्कीइंगचं गाव. तिथली नगरपालिका 'इनडीड' योजनेत घर घेत नाही, घरावरचं बंधन विकत घेते. मालकाला रोख मिळते आणि दस्तावर कायमची अट चढते: इथे राहणारा माणूस ईगल काउंटीत (व्हेल ज्यात येतं त्या जिल्ह्यात) आठवड्याला सरासरी ३० तास काम करणारा हवा. घर विकलं तरी अट सुटत नाही, त्यामुळे रात्रीच्या भाड्याचा धंदा संपला. पुनर्विक्रीच्या किमतीवर मर्यादा नाही, म्हणून मालक खुशीने येतात. घर स्वस्त होईलच असं मात्र नाही. शिवाय पैसा लागतो. २०२१ मध्ये मतदारांनी घरांसाठी अर्धा टक्का विक्रीकर मंजूर केला.

हवाईतल्या माऊई बेटावर अपार्टमेंट झोनमधल्या, म्हणजे राहत्या घरांसाठी राखलेल्या भागातल्या, जुन्या इमारतींना २००१ च्या एका कायदेशीर अभिप्रायामुळे पर्यटक ठेवायची मुभा होती. ऑगस्ट २०२३ च्या आगीत तिथलं लाहायना शहर बेचिराख झालं, हजारो कुटुंबं उघड्यावर आली. महापौर रिचर्ड बिसेन यांनी २०२४ मध्ये ही मुभाच काढण्याचा प्रस्ताव मांडला. तिजोरीतून दमडी जात नाही, पण पर्यटनाचा रोजगार आणि महसूल घटतो, मालक कोर्टाची भाषा करतात. मला माऊईची करपद्धत जास्त पटते: वर्षभराचा भाडेकरू ठेवणाऱ्याला मालमत्ता कराचा दर पर्यटक ठेवणाऱ्याच्या तुलनेत फारच कमी.

गोव्यात झोन ठरवतं नगरनियोजन खातं, पंचायत नव्हे. म्हणजे कात्री ग्रामसभेच्या हातात नाही. व्हेलसारखी रोकडही नाही. उरते घरपट्टी, पण ती इतकी किरकोळ की सवलतीने कोणी हलणार नाही. वाढवायची तर पर्यटक-घरांचीच, आणि घसघशीत. तरी मालकाची खरी धास्ती वेगळीच: भाडेकरू घर सोडेल का? अकरा महिन्यांच्या करारांमागे तीही आहे. पाहुणा निदान रविवारी जातो. ही भीती घालवणारं काही, उदाहरणार्थ पंचायतीच्या साक्षीने नोंदलेला करार, मागणीत हवंच.

ठरावाआधी एक काम करा. १९८२ च्या गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे गावातल्या किती घरांची नोंदणी आहे, ती यादी मागवा आणि वाड्यावाड्यावर फिरून ताडून पाहा.