रॉयल कॅनिन मॅक्सी पपी – लॅब-डेन मिक्स पिल्लाला १३ महिने दिल्यानंतरचा अनुभव

आमची कंदी. आई लॅब, बाप शेजारच्या फार्महाऊसवरचा ग्रेट डेन, साताऱ्याजवळ ओळखीच्यांकडे झालेलं पिल्लू, आणि रंग अगदी कंदी पेढ्याचा म्हणून नाव पण तेच पडलं. दोन महिन्यांची असताना पुण्यात घरी आणली तेव्हा ६ किलो होती. आता दोन वर्षं पूर्ण झाली. मॅक्सी पपी, म्हणजे मोठ्या जातीच्या पिल्लांचं तयार कोरडं खाणं, तिला दुसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत सलग दिलं, म्हणून आता लिहितोय, कारण नेटवरचे बहुतेक रिव्ह्यू "आमच्या डॉगीला आवडलं, पाच स्टार" एवढ्यावरच संपतात आणि मोठ्या मिक्स पिल्लाच्या माणसाला खरा प्रश्न पडतो तो त्यात कुठेच नसतो.

तो प्रश्न असा. बॅगेच्या मागे रोज किती ग्रॅम द्यायचं त्याचा तक्ता आहे, पण तो वाचायचा तर आधी कुत्र्याचं मोठेपणीचं वजन माहीत पाहिजे. प्युअर ब्रीडवाल्यांना ते पटकन सापडतं. आमच्यासारख्यांनी कुठून आणायचं? लॅब फीमेल साधारण २५ ते ३२ किलो, डेन फीमेल ४५ ते ५९, म्हणजे कंदी या दोन्हीच्या मधे कुठेही थांबू शकत होती. आणि कंपनीची रेष पण बरोबर तिथेच आहे, मॅक्सी म्हणजे मोठेपणी २६ ते ४४ किलो होणारी कुत्री, ४५ च्या पुढे जायंट. मॅक्सी पपी १५ महिन्यांपर्यंत चालतं, जायंट पपी मात्र आठव्या महिन्यापर्यंतच, मग जायंट ज्युनिअर सुरू करायचं. दोन्ही जातींच्या फीमेलच्या वजनांची सरासरी काढली तर ४० च्या आसपास येत होती म्हणून डॉक्टर मॅडमनी मॅक्सीने सुरुवात करा, दर रविवारी वजन करा आणि पाचव्या महिन्यात परत ठरवू असं सांगितलं.

सोसायटीत जो तो पंजे बघून सांगायचा, "अरे हा घोडा होणार, ६० किलोच्या खाली नाही". पंजे मोठे असले की कुत्रं मोठं होणार इतपत ठीक आहे, किलो त्यावरून सांगता येत नाहीत. पाच महिन्यांचं वजन त्यापेक्षा बरंच खरं बोलतं, मोठ्या जातीची पिल्लं साधारण त्या वयात अर्ध्यावर आलेली असतात, डेन-सेंट बर्नार्डसारखी फारच मोठी असतात ती अजून थोडी मागे असतात. वॉल्थम या पाळीव प्राण्यांवर संशोधन करणाऱ्या संस्थेचे ग्रोथ चार्ट पण फुकट मिळतात, बाळाच्या वजनाचा तक्ता डॉक्टर भरतात ना तसेच, फक्त ते मोठेपणी ४० किलोपर्यंत जाणाऱ्या कुत्र्यांसाठीच आहेत, त्यामुळे कंदीचे ठिपके मी त्यातल्या सगळ्यात मोठ्या गटाच्या चार्टवर टाकत गेलो. मला किलोचा आकडा नको होता, रेष एकसारखी चढतेय ना एवढंच बघायचं होतं.

वजन कुठे करायचं हा पण प्रश्नच होता. १५ किलोपर्यंत तिला उचलून घरच्या काट्यावर उभा राहायचो आणि माझं वजन वजा करायचो. नंतर उचलणं जमेना. आमच्या गल्लीच्या टोकाला कांदे-बटाट्याची वखार आहे, तिथल्या काकांनी स्वतःहून पोत्यांचा काटा देऊ केला. लोखंडी पाटीवर तिचे पाय सरकायचे म्हणून काका आधी रिकामं बारदान अंथरायचे, काटा शून्यावर आणायचे, मग "ये गं कंदी, बस" म्हणले की ही अलगद चढून बसायची आणि आकडा स्थिर होईपर्यंत काकांच्या तोंडाकडे बघत राहायची. वजन ते खडूने भिंतीवर लिहायचे, बटाट्याच्या भावाच्या खाली. तीन महिन्यांना ११ किलो, चार महिन्यांना साडेसोळा, पाच महिन्यांना साडेएकवीस. मधल्या काळात दर आठवड्याला सव्वा किलोच्या आसपास वाढत होती, सोमवारी घट्ट वाटलेला पट्टा रविवारी पुढच्या भोकात जायचा.

साडेएकवीसची दुप्पट त्रेचाळीस, म्हणून मॅक्सीच चालू ठेवलं.

आता कॅल्शियमबद्दल, कारण हे कुणी मला आधी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. साडेचार महिन्यांची असताना एका पेट शॉपमधे "एवढं मोठं पिल्लू आहे, हाडं भरायला हे द्याच" म्हणून कॅल्शियमचं सिरप दिलं, आणि मी रोज खाण्यावर ओतत होतो. तीन आठवड्यांनी पुढचा डावा पाय टेकवताना लंगडायला लागली. रात्रभर झोप नाही लागली. मॅडमनी एक्सरे काढला, सुदैवाने काही मोठं नव्हतं, वाढीच्या वयात असं दुखतं म्हणाल्या, पण सिरप त्याच दिवशी बंद करायला लावलं. सिरपनेच लंगडली असं त्या म्हणाल्या नाहीत, मी पण म्हणत नाही. त्यांनी समजावलं ते असं की लहान पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम नको म्हणता येत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं शोषलं जातं, आणि मोठ्या जातीत त्याने हाडांची आणि सांध्यांची वाढच बिघडू शकते. म्हणून तर अमेरिकेतल्या आफ्कोच्या, म्हणजे प्राण्यांच्या खाण्याचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या, नियमात ३२ किलोच्या वर जाणाऱ्या पिल्लांच्या खाण्यात कोरड्या वजनावर (म्हणजे खाण्यातलं पाणी वगळून) १.८ टक्क्याच्या वर कॅल्शियम चालत नाही, इतरांना अडीचपर्यंत चालतं. मॅक्सीसारख्या लार्ज ब्रीड पपी फूडला पैसे मोजायचे ते याचसाठी, मग त्यावर वेगळं कॅल्शियम ओतायचं नाही. आणि मिक्स पिल्लाचा अंदाज ३० किलोच्या अलीकडे-पलीकडे घुटमळत असेल तर लार्ज ब्रीडवालंच घ्या, पिल्लू मध्यमच राहिलं तरी काही बिघडत नाही, उलटं झालं तर बिघडू शकतं.

ग्रॅमचं म्हणाल तर तक्त्यापेक्षा आम्ही साधारण १० टक्के कमीच दिलं. बरगड्यांवर हात फिरवला की फासळ्या बोटाला लागल्या पाहिजेत, वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे, मॅडमचं एवढंच माप होतं. घरात आईला हे अजिबात पटायचं नाही, "पोर उपाशी राहतेय रे" म्हणून पोळीचा तुकडा हातात तयारच. मग मी तिला लॅब्राडॉरच्या त्या अभ्यासाबद्दल सांगितलं, २००२ ला छापून आलेला, ४८ लॅब दोन-दोनच्या २४ जोड्या करून वाढवली, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला, आणि कमी खाणारी जवळजवळ पावणेदोन वर्षं जास्त जगली, सांधे पण त्यांचे उशिरा खराब झाले. पावणेदोन वर्षं ऐकल्यावर आईने पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला आणि नंतर कधी काढला नाही.

प्रत्यक्ष खाण्याबद्दल. दाणा बऱ्यापैकी मोठा आहे, चावून खावा लागतो, तरी कंदी गिळायची म्हणून पसरट थाळीत द्यायला लागलो. जुन्या खाण्यातून आठ दिवसांत थोडं थोडं मिसळत बदललं, पोट बिघडलं नाही, शी घट्ट आणि कमी. पाच महिन्यांची असताना दिवसाला ३८० ग्रॅम लागायचे म्हणजे १० किलोची बॅग २६ दिवस, हा खर्च हलका नाही, पिल्लू आणायच्या आधी घरी बसून हिशोब करा. पावसाळ्यात डब्यात ओतू नका, बॅगेसकट डब्यात ठेवा आणि तोंड नीट बंद करा, दाणा कुरकुरीत राहतो.

नसबंदीच्या ऑपरेशनचं पण इथेच सांगतो कारण त्याचा वाढीशी संबंध आहे. हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या हार्मोन्समुळे बंद होतात, लवकर ऑपरेशन केलं तर त्या उशिरा बंद होतात आणि हाडं थोडी लांब वाढतात. २० किलोच्या वरच्या मिक्स कुत्र्यांमधे वर्षाच्या आत केलेल्या ऑपरेशनने सांध्यांचे त्रास वाढतात असं कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठाने २०२० मधे दाखवलंय. आम्ही चौदाव्या महिन्यात केलं, तुमचं तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

सहा महिन्यांना २६, आठला ३३, वर्षाला साडेएकोणचाळीस. उंची दहाव्या महिन्यानंतर जवळपास थांबली पण छाती भरत राहिली, ते दीड वर्षापर्यंत चाललं, त्यामुळे वर्षाचं कुत्रं "एवढंच राहिलं का" म्हणून खाणं वाढवू नका. पंधराव्या महिन्यात मॅक्सी अ‍ॅडल्टवर आणली. आज खांद्यापाशी ६८ सेंटीमीटर आहे, एकदाही परत लंगडली नाही, पर्वतीच्या पायऱ्या आता निवांत चढते.

गेल्या रविवारी काकांनी काट्यावर परत बारदान अंथरलं. ४२ किलो ४०० ग्रॅम. दिवाळीला वखारीला रंग मारला तेव्हा कंदीच्या आकड्यांचा तेवढा पट्टा त्यांनी न रंगवता ठेवलाय.