चौसिंगा की उंबरातलं केंबरं?

निरीक्षण-प्रकल्पासाठी चौसिंगा हा हरणासारखा प्राणी की केंबरं, म्हणजे उंबराच्या फळातले इवले कीटक, या दोघांत मन अडकलं असेल, तर आधी हाताशी वेळ किती ते बघा. चौसिंगा खांद्याशी जेमतेम 60 सेंटिमीटर, एकलकोंडा, चाहूल लागताच गवतात दडणारा. शिंगं चार, तीही फक्त नराला. त्याच्यामागे फिरू नका. तो ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, ती जागा शोधा. अभयारण्यातली परवानगी वेगळीच.

केंबरं साधारण 2 मिलिमीटर. मऊ पडू लागलेलं उंबर फांदीवरच मलमलीच्या पिशवीत बांधा. मच्छरदाणीची जाळी नको, त्यातून ती सहज निसटतात. फळ पूर्ण लाल झालं की उशीर झाला: बिनपंखी नरांनी पोखरलेल्या भोकातून पंखवाल्या माद्या गेलेल्या असतात. 10 पटीचं भिंग पुरतं.

थोड्या दिवसांत नोंदी हव्यात तर केंबरं. वर्षभर रानात जाणं जमणार असेल तरच चौसिंगा.